बद्रीनाथच्या वाटेवरचा पट्टेरी खडक वितळला कशामुळे?

वाटचुकार

गेल्या जूनमध्ये बद्रीनाथला जाताना हनुमानचट्टीच्या पुढे दरड आली होती. ती हटवेपर्यंत दीड-दोन तास गाड्या जागच्या जागी उभ्या. मी रस्त्यासाठी कापलेल्या खडकाकडे बघत बसलो आणि त्या खडकातून अजून बाहेर आलेलो नाही.

खडक करडा, उन्हात चमचमणारा. त्यात पांढरे पट्टे. काही बोटाएवढे जाड, काही दोऱ्याइतके बारीक. सरळ एकही नाही. एका जागी पट्टा दुमडून उलटा फिरला होता आणि दुमडीत फुगून मुठीएवढा झाला होता. जवळजवळ प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडांना काजळाची रेघ ओढावी तसा काळा काठ होता. फोटो जोडला आहे, मोजमापासाठी पेन ठेवले आहे.

आमच्या गाडीत भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "हा खडक अर्धवट वितळलेला आहे. हिमालय घडताना खोलवर वितळला आणि तसाच थिजला." पुढे विचारणार तेवढ्यात रस्ता मोकळा झाला.

घरी येऊन हिशेब मांडला, तर तो जुळत नाही. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान २५ ते ३० अंशांनी वाढतं असं वाचलं. खडक वितळायला हजार-बाराशे अंश लागतात. म्हणजे ४० किलोमीटर खाली जायला हवं. पण तिथे तर कवचच संपतं! मग कवचाच्या आतल्या आत खडक वितळला कसा? खालच्या शिलारसाच्या समुद्रातून उष्णता आली म्हणावं, तर तसा समुद्र सगळ्या जमिनीखाली असणार. मग सगळीकडचे खडक का वितळत नाहीत? आणि "अर्धवट" वितळणं हा काय प्रकार आहे? बर्फ वितळतो तेव्हा सगळाच वितळतो ना?

कुणी नीट समजावून सांगेल का? वेळ लागला तरी चालेल, पण मुळापासून हवं आहे.

रेतीमाती

माझ्या समजुतीप्रमाणे हे घर्षण आहे. भारताचा खंड आशियावर आदळला, दोन प्रचंड तुकडे एकमेकांवर घासले, त्यातून उष्णता निर्माण झाली. तळहात एकमेकांवर घासले की गरम होतात तेच मोठ्या प्रमाणावर. जाणकारांनी दुरुस्त करावं.

भिंगवाली

वाटचुकार, तुम्हाला काळा काठ दिसला हे वाचून मला मनापासून आनंद झाला. पांढरा पट्टा सगळ्यांना दिसतो, पण उत्तर काठात आहे.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी ह्याच अलकनंदेच्या खोऱ्यात काम केलं. पहिल्या दिवशी पांढरे पट्टे मोजले, जाडी लिहिली, दिशा लिहिली आणि प्रत्येक नोंदीपुढे "बाहेरून शिरलेली शीर" असं लिहून टाकलं. संध्याकाळी सरांनी वही वाचली, काही बोलले नाहीत. सकाळी मला परत त्याच खडकापाशी नेलं, गळ्यातलं भिंग काढून हातात दिलं आणि म्हणाले, "पांढऱ्याला हात लावू नकोस. काठ बघ."

दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तो काठ म्हणजे काळ्या अभ्रकाच्या पापुद्र्यांची दाटी होती. मधूनमधून केसासारख्या पांढुरक्या सुयांच्या जुड्या, त्या सिलिमनाइट नावाच्या खनिजाच्या. पण क्वार्ट्झ (गारगोटी) आणि फेल्डस्पार, ही फिकट खनिजं, जवळपास नाहीतच. चार बोटं बाजूला, साध्या करड्या खडकात, ही दोन्ही खनिजं भरपूर. सरांनी विचारलं, "मग इथली गेली कुठे?" ती शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यात होती. पट्टा बाहेरून आलाच नव्हता. खडकाने स्वतःतलं जे वितळू शकत होतं ते पिळून बाजूला काढलं होतं आणि जे वितळलं नाही ते काठावर चोथ्यासारखं उरलं होतं. माझ्या चाळीसेक नोंदी मी त्या दिवशी पुन्हा लिहिल्या.

ह्या खडकाला मिग्मटाइट म्हणतात, म्हणजे मिश्र खडक. फिनलंडचे याकोब सेडरहोम यांनी १९०७ साली हे नाव दिलं. तिथला खडक हिमनद्यांनी घासून आरशासारखा केलेला आहे, त्यामुळे अशा पट्ट्यांची वळणं त्यांना स्वच्छ दिसली.

आता तुमचा हिशेब. बाराशे अंश हा आकडा बेसॉल्टचा, म्हणजे सह्याद्रीतल्या काळ्या दगडाचा, आहे. तुमच्या पट्ट्यात बेसॉल्ट नाही, ग्रॅनाइटच्या जातीचा रस आहे, आणि त्याचा वितळबिंदू फार खाली असतो. का, ते बघा. शुद्ध क्वार्ट्झला एकट्याने वितळायला सतराशेच्या वर अंश लागतात. फेल्डस्पारला अकराशेच्या वर. पण दोघं एकमेकांना चिकटून बसले की जिथे त्यांच्या कडा भिडतात तिथे दोघंही कितीतरी आधी वितळतात, कोरड्या स्थितीत साधारण साडेनऊशे-हजार अंशांना. त्यात दाबाखालचं पाणी मिळालं तर हा आकडा ६५० च्या आसपास येतो. टटल आणि बोवेन ह्या दोघा भूशास्त्रज्ञांनी १९५८ साली हे प्रयोगांतून मांडलं. दाबाखाली पाण्यासह सर्वांत कमी तापमानाला जो रस तयार होतो त्याची रचना त्यांनी काढली आणि जगभरच्या ग्रॅनाइटांची रचना तिच्याभोवतीच गोळा होते असं दाखवलं. ग्रॅनाइट हा वितळलेला खडक आहे की घन अवस्थेतच पालटलेला, हा त्या काळातला कडाक्याचा वाद होता. त्या प्रयोगांनी तो बराचसा मिटवला.

"अर्धवट"चं उत्तरही इथेच आहे. बर्फ एकाच पदार्थाचा, म्हणून एका तापमानाला सगळा वितळतो. खडक म्हणजे पाच-सहा खनिजांची वस्ती. ज्यांचं एकमेकांशी जमतं ती आधी वितळतात, बाकीची तशीच राहतात.

पण पाणी आणायचं कुठून? पंचवीस-तीस किलोमीटर खोलीवर दाब वातावरणाच्या सात-आठ हजार पट असतो. खडकातली छिद्रं केव्हाच मिटलेली असतात, मोकळं पाणी जवळजवळ नसतं. पाणी असतं अभ्रकाच्या आत. थेंबाच्या रूपात नव्हे, स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं. पांढऱ्या अभ्रकाच्या, म्हणजे मस्कोव्हाइटच्या, वजनात सुमारे साडेचार टक्के पाणी असतं. तापमान सातशेच्या थोडं वर गेलं की हे अभ्रक टिकत नाही. ते मोडतं, पाणी सुटतं, आणि सुटलेलं पाणी त्याच क्षणी शेजारच्या क्वार्ट्झ-फेल्डस्पारला वितळवून त्या रसात मुरतं. मागे उरतं सिलिमनाइट. काठात ज्या सुया मी पाहिल्या त्या मोडलेल्या अभ्रकाच्या खुणा.

किती रस निघेल तेही ढोबळपणे काढता येतं. शंभर किलो खडकात २० किलो पांढरं अभ्रक धरा. त्यात पाणी ९०० ग्रॅम. त्या खोलीवर तयार होणाऱ्या रसात वजनाच्या सहा-सात टक्के पाणी धरलं, तर १३ ते १५ किलो रस होतो. पाणी संपलं की वितळणं थांबतं. मग काळ्या अभ्रकाची, बायोटाइटची पाळी यायला तापमान आठशेच्या आसपास किंवा त्याच्याही वर चढावं लागतं. तुमच्या फोटोत काळं अभ्रक शाबूत आहे. म्हणजे हा खडक मस्कोव्हाइटच्या टप्प्यातून गेला, पण बायोटाइटचा टप्पा पुरा झाला नाही. एका काठावरून एवढं सांगता येतं, म्हणून मला हा खडक इतका प्रिय आहे.

आणि शिलारसाचा समुद्र कवचाखाली नाही. कवचाखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, घन आहे. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत त्या त्याच्यातून आरपार जातात.

उष्णता कुठून आली हे मोठं प्रकरण आहे, रात्री लिहिते.

ओतकाम

ताई, मी ओतशाळेत काम करतो. तुमचं क्वार्ट्झ-फेल्डस्पारचं वाचताना हातातलंच उदाहरण आठवलं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, कथील २३२ ला. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले की १८३ ला पाणी होतं. सोल्डरची तार त्याच्यावरच चालते. प्रमाण थोडं चुकलं तरी वितळायला सुरुवात १८३ लाच होते, फक्त उरलेला भाग दलियासारखा घट्ट राहतो. दगडातही हेच चालतं हे माहीत नव्हतं.

वाटचुकार

भिंगवालीताई, दोनदा वाचलं. म्हणजे बाराशे नको, सातशे पुरेत. पण माझ्या हिशेबाने सातशे अंशही पंचवीस किलोमीटरवर यायला हवेत. तसं असेल तर कुठल्याही जमिनीखाली पंचवीस किलोमीटरवर वितळणं चालू असलं पाहिजे. ते का नसतं? हिमालयातच काय वेगळं घडलं?

भिंगवाली

तीस अंशांचा आकडा वरवरच्या काही किलोमीटरांचा आहे. खाली वाढ मंदावते, कारण उष्णता देणारी मूलद्रव्यं कवचाच्या वरच्या भागात जास्त आहेत. जुन्या, शांत खंडात ३५-४० किलोमीटरवर, कवचाच्या तळाशी, तापमान बहुधा चारशे ते सहाशेच्या दरम्यान असतं. आणि तिथल्या खडकात मस्कोव्हाइट फारसं उरलेलंही नसतं. म्हणून शांत जमिनीखाली काही वितळत नाही.

पर्वत घडताना काय होतं? कवचाच्या चळती एकावर एक चढतात. हिमालय-तिबेटमध्ये कवचाची जाडी जवळपास दुप्पट झाली. तिबेटखाली ती सुमारे ७० किलोमीटर आहे. गंमत अशी की चळत चढली त्या क्षणी आतला भाग आधीपेक्षा *थंड* असतो. वरच्या चळतीचा गरम तळ खालच्या चळतीच्या थंड माथ्यावर येऊन बसतो. तापायला त्यानंतर सुरुवात होते, आणि इंधन त्या खडकाच्या पोटातच असतं.

हिमालयाच्या गाभ्यातला हा खडक मुळात जुना सागरी गाळ, चिखल आणि वाळू. चिखलाच्या खडकात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तुलनेने जास्त असतात. त्यांच्या किरणोत्सारातून एका घनमीटरला मिळणारी उष्णता एका वॅटच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-तीन पट. हातात धरलेल्या दगडाला ती जाणवणारही नाही. पण तोच दगड २५-३० किलोमीटर खडकाच्या गोधडीखाली गाडा, उष्णतेला बाहेर पडायची वाट बंद करा, आणि दर दहा लाख वर्षांना २५ अंशांच्या आसपास वाढ होते. एक कोटी वर्षांत अडीचशे अंश! प्रत्यक्षात काही उष्णता निसटते, म्हणून वाढ थोडी कमी. पण सातशे गाठायला बाहेरचा विस्तव लागत नाही.

निसटायला किती वेळ लागतो, तेही बघा. खडक उष्णता फार सावकाश पुढे सरकवतो. दहा किलोमीटर जाडी ओलांडायला सुमारे ३० लाख वर्षं, आणि जाडी साडेतीनपट झाली की वेळ साडेतीनच्या वर्गाने वाढतो: ३५ किलोमीटरला जवळजवळ चार कोटी वर्षं.

आता हे घडलेल्या कालक्रमाशी लावून पाहा. भारत आणि आशियाची टक्कर सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. हिमालयातले पांढरे ग्रॅनाइट बहुतांशी अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वीचे. मधली अडीच-तीन कोटी वर्षं खडक तापत होता. टक्कर आणि वितळणं यांच्यामधलं हे अंतर मी पहिल्यांदा कागदावर मांडलं, तेव्हा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसले होते.

रेतीमाती, घर्षणाचा हातभार असतो, विशेषतः मोठ्या विभंगांच्या, म्हणजे खडक तुटून सरकतात त्या भेगांच्या, लगत. पण खडक तापला की मऊ पडतो, मऊ खडक सरकताना विरोध कमी करतो, आणि उष्णताही कमी निघते. हे आपलं आपल्याला आवरतं घेणारं इंधन आहे. म्हणून मी त्याला मुख्य मानत नाही.

प्रावरणातून गरम शिलारस वर आला असेल का? जगातल्या काही पर्वतरांगांत तसं झालेलं आहे. हिमालयातल्या ह्या ग्रॅनाइटांसाठी मात्र पुरावा विरुद्ध जातो. स्ट्रॉन्शियम ह्या मूलद्रव्याच्या दोन समस्थानिकांचं (वेगळ्या वजनाच्या अणूंचं), ८७ आणि ८६ चं, गुणोत्तर प्रावरणातून आलेल्या खडकांत ०.७०४ च्या आसपास असतं. ह्या ग्रॅनाइटांत ते ०.७४ च्याही वर जातं. एवढा आकडा जुन्या कवचाखेरीज मिळत नाही. हा रस कवचातलाच.

ह्याच्या पुढचा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. खडक नुसता तापून नाही, *वर येतानाही* वितळतो. मस्कोव्हाइट मोडण्याचं तापमान दाबावर अवलंबून आहे. दहा किलोबारला (एक किलोबार म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजार पट), म्हणजे सुमारे ३७ किलोमीटरवर, ते साडेसातशेच्या आसपास. पाच किलोबारला सातशेच्या आसपास. आता एखादा खडक खोलवर ७३० अंशांवर आहे. तिथे अभ्रक अजून धीर धरून आहे. वरून नद्या-हिमनद्या डोंगर झिजवतात, विभंगांवरून वरचे थर सरकून जातात आणि तो खडक चटकन वर उचलला जातो. उष्णता सावकाश जाते हे आताच पाहिलं, त्यामुळे तो वर येतो पण थंड होत नाही. तापमान तेच, दाब कमी, आणि अभ्रकाचा धीर सुटतो. एक अंशही न वाढवता खडक वितळू लागतो. भार उतरवल्यामुळे वितळणं!

मोकळ्या पाण्यामुळे झालेला रस नेमका उलटा वागतो. तो वर आला की दाब कमी होऊन त्यातलं पाणी निसटतं आणि रस जागीच थिजतो. अभ्रकाच्या मोडण्यातून आलेला रस जास्त गरम आणि पाण्याने न तुडुंबलेला असतो, म्हणून तो दूरवर वर चढू शकतो. उंच डोंगरात मोठाले ग्रॅनाइट दिसायचं हे एक मोठं कारण.

तो चढतो कसा? सुरुवातीला रस म्हणजे कणांच्या कडांवरची पातळ ओल. खडकात त्याचं प्रमाण सातेक टक्के झालं की ह्या ओली एकमेकींना जोडल्या जातात आणि खडकाची ताकद एकदम ढासळते. पर्वतात खडक सतत दाबला, मुरडला जात असतो. रस जिथे दाब कमी तिथे पळतो: घडीच्या दुमडीत, दोन तुकडे ताणले गेलेल्या फटीत. तुमच्या फोटोत दुमडीपाशी पट्टा मुठीएवढा फुगला आहे ना, तो असा तिथे जमला. तिथून भेगा, भेगांतून शिरा, शिरांतून वर.

गोमुखाच्या पुढे तपोवनात कधी गेलात तर समोर शिवलिंग आणि बाजूला भागीरथीची शिखरं बघा. तो गंगोत्री ग्रॅनाइट, वय दोन कोटी वीस-तीस लाख वर्षं. भागीरथीच्या तिसऱ्या शिखरावर फिकट ग्रॅनाइटच्या कड्याला वर काळ्या पाटीच्या दगडाची टोपी आहे. रस वर चढत त्या जुन्या गाळाच्या थरांत शिरला आणि तिथे थिजला. हनुमानचट्टीच्या पुढे तुम्ही बघितलेत ते त्याच्याच जातीच्या रसाचं उगमस्थान.

रेतीमाती

घर्षणाबद्दल समजलं, आभार. एक शंका: हे सगळं घडून गेलेलं आहे की आजही कुठे चालू आहे?

भिंगवाली

चालू आहे. दक्षिण तिबेटमध्ये चिनी आणि अमेरिकी शास्त्रज्ञांच्या इंडेप्थ प्रकल्पाने जमिनीत लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपले. १५ ते २० किलोमीटर खोलीवरून फार ठळक परावर्तनं आली, म्हणजे तिथे काहीतरी द्रव असावं. त्याच पट्ट्यातून वीजही सहज वाहते, आणि भूकंपलहरी मंदावतात. घन, कोरडा खडक विजेला फार विरोध करतो. त्यात रसाचं जाळं असलं की प्रवाह सुटतो. कवचाचा मधला थर अर्धवट वितळलेला आहे असा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात रस किती आणि खारं पाणी किती ह्यावर चर्चा होत राहिली, पण मुद्दा टिकून आहे.

दुसरं ठिकाण हिमालयाच्या पश्चिम टोकाचा नंगा पर्वत. तिथे सिंधू आणि हिमनद्या डोंगर इतक्या वेगाने कापत आहेत की खालचा खडक गरम असतानाच वर ओढला जातो. भार उतरल्यामुळे वितळणं म्हणतात ते इथे जवळजवळ डोळ्यांसमोर. तिथे सापडलेल्या काही ग्रॅनाइटी शिरांचं वय जेमतेम दहा लाख वर्षं आहे. खोलवर थिजलेला खडक एवढ्या थोड्या काळात उघड्यावर येणं दुर्मीळ.

वाटचुकार

ताई, फोटो मोठा करून पाहिला. पांढऱ्या पट्ट्यात दोन गोष्टी दिसतात. एक, चांदीसारखे चमकणारे मोठे पापुद्रे. तुम्ही म्हणालात पांढरं अभ्रक मोडून गेलं, मग हे कुठून आलं? दुसरं, पट्ट्यात मधोमध तांबडे गोल दाणे, डाळिंबाच्या दाण्याएवढे. करड्या खडकात तसे मोठे दाणे नाहीत.

भिंगवाली

दोन्ही प्रश्न अगदी नेमके आहेत.

चांदीचे पापुद्रे म्हणजे परत आलेलं अभ्रक. रस जागीच थिजला की त्यात मुरलेलं पाणी बाहेर पडतं, आणि ते शेजारच्या सिलिमनाइट-फेल्डस्पारशी जुळून पुन्हा मस्कोव्हाइट घडवतं. वितळताना जे झालं तेच उलट्या दिशेने. म्हणून जो खडक आज पूर्ण कोरडा, अभ्रकाशिवाय सापडतो, त्याच्यातला रस पाणी घेऊन कायमचा निघून गेला असं मानतात; रस तिथेच राहिला असता तर अभ्रक परतलं असतं. तुमच्या खडकातला बराचसा रस निघालाच नाही.

तांबडे दाणे गार्नेटचे. काळं अभ्रक मोडायला सुरुवात होते तेव्हा त्यातल्या लोह-मॅग्नेशियमला रसात फारशी जागा नसते, मग ते गार्नेट होऊन बसतं. म्हणजे रस आणि गार्नेट एकाच वेळी जन्मतात, म्हणून गार्नेट पट्ट्यात, रसाच्या कुशीत सापडतं. बायोटाइटचा टप्पा पुरा झाला नाही असं मी वर लिहिलं होतं. हे दाणे तसे असतील तर तो टप्पा निदान सुरू झाला होता. खात्री करायला पातळ काप लागेल.

काप म्हणजे खडकाची चकती काचेवर चिकटवून ०.०३ मिलिमीटरपर्यंत घासलेली, प्रकाश आरपार जातो अशी. त्यात वितळल्याची खूण ओळखायला मी एक आकार शोधते. क्वार्ट्झच्या कणांच्या कडा गोलावलेल्या, गोळी चघळल्यावर व्हाव्यात तशा, आणि अशा दोन-तीन गोल कणांच्या मधल्या खाचेत फेल्डस्पारचा एक टोकदार, आत वळलेल्या बाजूंचा त्रिकोण. घन अवस्थेत वाढलेलं फेल्डस्पार असा आकार घेत नाही. ती रसाने भरलेली खाच होती आणि रस तिथेच थिजला.

गार्नेटमध्ये ह्याहून सरस पुरावा मिळू शकतो. वाढताना ते भोवतालच्या रसाचे सूक्ष्म थेंब पोटात बंद करून घेतं. केरळच्या खोंडलाइट नावाच्या, खोलवर तापून पालटलेल्या खडकांतल्या गार्नेटमध्ये असे थेंब सापडले आणि २००९ साली ते प्रसिद्ध झाले. आकार मिलिमीटरच्या चाळीसाव्या भागाहूनही लहान. बहुतेक थेंबांचे आत स्फटिक होऊन क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक असा इवलासा ग्रॅनाइट बनलेला आहे. काही अगदी बारीक थेंब मात्र स्फटिक न होता काच म्हणूनच राहिलेत, पन्नास कोटी वर्षांहून अधिक काळ.

फोटोत पेनाच्या टोकाच्या डावीकडे जो दाणा आहे त्याच्या मध्यभागी धुरकट ठिपके दिसतात. पुढच्या वेळी त्या बाजूला गेलात, तर पायथ्याशी पडलेल्या दरडीतला तसा एखादा तुकडा घेऊन या. चकती मी घासून देईन.